दारातली छत्री

१

रविवारी दुपारी साडेचार वाजता शालूबाईंना वीसपैकी वीस गुण पडले आणि पाच वाजता त्या चोर ठरल्या. मधला अर्धा तास मी एका पैठणीला फॉल लावत होते, त्यामुळं हा सगळा प्रकार मला दोरा तोडल्यावरच कळला.

आमचं 'दुपारचं वाचन मंडळ' मोबाइलवर भरतं. तेवीस माणसं, तेवीस चौकोन. वेळ तीनची, कारण तोवर बायकांची भांडी झालेली असतात आणि पुरुषांची झोप. मी वर्षाराणी. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. शिक्षण दहावी, तेही काठावर. बाकी जे काय शिकले ते मशीनवर बसल्या बसल्या, मांडीवर पुस्तक ठेवून. त्यापायी दोन ब्लाउज उलटे शिवलेत, पण गिऱ्हाईक तुटलं नाही.

वर्षातून एकदा आमची पुस्तकांवरची प्रश्नमंजूषा होते. वीस प्रश्न, कॅमेरा चालू, उत्तर टाइप करायला दीड मिनिट. जो पहिला येईल त्याला वार्षिक मेळाव्यात सगळ्यांसमोर मानाचा फेटा बांधायचा. चार वर्षं हा फेटा पुरुषांच्याच डोक्यावर बसला होता. यंदा पहिल्यांदा बाईच्या डोक्यावर बसणार होता, आणि बाई कोण, तर सातवी शिकलेल्या, रंकाळ्याजवळ चाळीस डबे करून देणाऱ्या शालूबाई.

त्यांचा चौकोन लगेच ओळखू येतो. हळदीच्या बोटानं फोन धरतात, त्यामुळं कॅमेऱ्यावर कायम पिवळा डाग असतो. आम्हाला शालूबाई दिसतात त्या नेहमी हळदीच्या दिवशी दिसाव्यात तशा. निकाल लागला तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "माझ्या डोक्याच्या मापाचा फेटा मिळंल का वं?"

सगळे हसले. चौकोन एकेक करून विझले.

मग पाच वाजता ग्रुपवर पारसचा निरोप पडला. "सतराव्या प्रश्नाचं सरांचं उत्तर चूक आहे. मुद्दाम नव्हे, पण चूक आहे. आणि शालूमावशींनी तेच चुकीचं उत्तर दिलं आहे. हे कसं काय, याचा खुलासा व्हावा."

२

पारस हातकणंगल्याचा. बी-बियाणांचं दुकान, चष्मा, आणि वाचनाची अशी शिस्त की पुस्तकाला पेन्सिलही लावणार नाही. त्याला वीसपैकी एकोणीस पडले होते. मी फोन केला.

"काय रे, हरलास म्हणून असं?"

"आवो ताई, हरायचं मला काय वाटत न्हाय. तुम्ही ऐका तरी."

सतरावा प्रश्न होता 'पोफळीच्या बागेतला पाहुणा' या जुन्या रहस्यकादंबरीवरचा: खोतांच्या दुधात विष कुणी घातलं? प्रश्न काढले होते विजयसिंह सरांनी. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या उत्तरपत्रिकेत उत्तर होतं, दिवाणजी. शालूबाईंनीही लिहिलं दिवाणजी. बाकीच्यांनी ती कादंबरी वाचलीच नव्हती, त्यांनी जागा रिकामी सोडली. पारसनं एकट्यानं लिहिलं, खोतांची आजारी बहीण.

"गेल्या दिवाळीला त्याची नवी आवृत्ती निघाली, ती माझ्याकडं हाय," पारस म्हणाला. "दिवाणजीला पकडतात, पण तो निर्दोष असतोय. शेवटी बहीण कबूल होते. पानांचे फोटो टाकू?"

त्यानं टाकले. बहीण कबूल झाली होती, चांगलं दीड पान.

"आता सांगा ताई. बरोबर उत्तर दोघांचं एक आलं तर दोघांनी पुस्तक वाचलं म्हणायचं. पण चुकीचं उत्तर दोघांचं एक आलं तर? एकानं दुसऱ्याचं बघितलंय. दुसरं काय असणार?"

वाईट म्हणजे, बघायची सोयही होती. सर एकटे असतात, आणि रोज सकाळी अकराला त्यांचा डबा घेऊन शालूबाई स्वतः जातात. प्रश्नपत्रिका उत्तरांसकट आठवडाभर त्यांच्या टेबलावर पडून होती.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी ग्रुपवर मतदान लावलं. 'शालूबाईंना मंडळातून काढावं का?' हो, नाही. मेळावा पुढच्या रविवारी होता. सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा 'हो'वर अकरा जण होते, 'नाही'वर तीन. त्या तिघांतली एक मी होते, आणि मलाही खात्री नव्हती.

३

शालूबाई चपात्या लाटत होत्या. मी गेले तरी हात थांबला नाही.

"बस की. भाजी खातीस?"

"शालूबाई, तुम्ही पेपर बघितला होता?"

लाटणं थांबलं.

"न्हाय."

"मग दिवाणजी कुठनं आणला?"

"पुस्तकातनं. वाचलंय मी ते, लई वर्षं झाली. दिवाणजीनंच विष घातलं, त्याला पोलीस घिऊन गेले, पुस्तक संपलं. आता त्या पारसच्या पुस्तकात बहीण कुठनं उगवली ते मला काय म्हाईत?"

"वाचलं कुठं? कुणाचं होतं पुस्तक?"

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढावं तसा.

"त्या पुस्तकाचं नाव काढू नगंस वर्षा. एक डाव त्याच्यापायी ऐकून घेतलंय, पुन्यांदा न्हाय ऐकायचं."

"काय ऐकून घेतलंय?"

"चपात्या करपतील. तू जा."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, आणि तो आवाज मला आवडला नाही, कारण शालूबाईंचा आवाज एवढा बारीक कधी नसतो.

"सुनंला सांगितलंय मी, फेटा बांधणार हायेत म्हणून. मोनाला. तिनं माहेरी फोन करून सांगितलं. तिच्या आईनं गावात सांगितलं. आता काढून टाकलं म्हणून कसं सांगू? काढू देत फेट्यातनं. मंडळातनं नको काढायला. दुपारचं तीन वाजलं की मला तेवढंच असतंय."

रस्त्यावर आल्यावर मी ठरवलं, रविवारपर्यंत हे कोडं सोडवायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे खून सोडवलेत मांडीवर ठेवून, हा तर साधा प्रश्न सतरावा होता.

४

सरांची उत्तरपत्रिका टाइप केली होती रुचितानं. ती इचलकरंजीची. घराला लागून त्यांची मागांची शेड आहे, त्यामुळं मंडळात ती कायम आवाज बंद करून बसते. फोनवर मात्र इलाज नसतो.

"ताई, ओरडून बोला! माग चालू हायेत!"

"तू शालूबाईंना उत्तरं सांगितलीस का?"

"आवो काय बोलताय! त्यांनी मला तांबड्या रश्श्याचं प्रमाण दिलं न्हाय तीन महिने, मी त्यांना उत्तरं देणार?"

हे पटण्यासारखं होतं. शालूबाई मसाल्याचं प्रमाण कुणालाच देत नाहीत.

"बरं, शालूबाईंची वीस उत्तरं आणि सरांची वीस उत्तरं, दोन्ही जशीच्या तशी मला पाठव."

दुपारी मी मशीन बंद करून दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावल्या. सरांची उत्तरं म्हणजे मुख्याध्यापकांचीच, एकेका शब्दाची. हिरवा. सातारा. तीन. दिवाणजी. शालूबाईंची उत्तरं म्हणजे गप्पा. 'हिरवा शालू, पण पुढं ती तो विकते.' 'सातारा, मामाच्या घरी, मामी खाष्ट होती.' दीड मिनिटात बाईनं केवढं लिहिलं होतं! आणि सतराव्या उत्तरात होतं: 'दिवाणजी. पोलीस घेऊन गेले तेव्हा बिचाऱ्याची छत्री दारातच राहिली.'

ही छत्री सरांच्या उत्तरपत्रिकेत कुठंच नव्हती. प्रश्नातही नव्हती. टेबलावरचा कागद चोरून बघणारीला दिवाणजी मिळाला असता, दिवाणजीची छत्री नसती मिळाली.

मी पारसला फोन केला. "तुझ्या पुस्तकात छत्री हाय का बघ. शेवटाकडं."

पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ.

"हाय की," तो म्हणाला. आवाज जरा उतरला होता. "'पोलिसांची गाडी वळणाआड गेली. दिवाणजींची छत्री मात्र दारातच उभी होती, मालकाची वाट पाहत.' प्रकरण संपतंय हितं."

"आणि पुढं?"

"पुढं अजून एक प्रकरण हाय, शेवटचं. त्यात दिवाणजी सुटतोय आणि बहीण सापडते."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. शालूबाईंनी पुस्तक वाचलं होतं. नक्की वाचलं होतं. फक्त त्यांचं पुस्तक त्या छत्रीवर संपलं होतं.

आणि सरांचंही.

एका गावात दोन माणसं. दोघांची पुस्तकं फाटकी. दोन्ही नेमकी एकाच वाक्यावर फाटलेली? मी शिवणकाम करते, दोन साड्या एकाच जागी फाटलेल्या मी अजून पाहिलेल्या नाहीत. पुस्तक एकच होतं.

मग ते शालूबाईंच्या हातून सरांच्या कपाटात कसं गेलं? आणि सर गप्प का बसलेत?

५

मंगळवारी मी सरांकडं गेले. सर मला पूर्ण नावानं हाक मारतात, हजेरी घेतल्यासारखी.

"या वर्षाराणी. बसा."

त्यांच्या बैठकीत काचेचं कपाट आहे. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, कण्यावर शाईनं नंबर. उभी पुस्तकं कवायतीला उभी राहिल्यासारखी. टेबलावर शालूबाईंचा डबा होता, न उघडलेला.

"सर, 'पोफळीच्या बागेतला पाहुणा' बघू जरा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो आधीच स्वच्छ होता.

"कपाटाची किल्ली सापडत नाही."

किल्ली कुलपातच होती. मला दिसत होती. मला दिसतेय हे त्यांनाही दिसलं असावं, कारण ते खिडकीकडं वळले.

"वर्षाराणी, हा विषय वाढवू नका. शालूबाईंकडून चूक झाली असेल. टेबलावर कागद होता, नजर गेली असेल. माणूस आहे. मी कुणाला काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका."

"म्हणजे तुम्हाला वाटतंय त्यांनी चोरून बघितलं?"

"दुसरं काय असणार? ते पुस्तक शालूबाईंनी कुठून वाचलं असणार?"

हे त्यांनी इतकं सहज विचारलं, की मला कळलं, सर खोटं बोलत नव्हते. शालूबाईंना वाचवतोय असंच त्यांना वाटत होतं. पण किल्लीबद्दल ते खोटं बोलले होते. एवढा सरळ माणूस एका फाटक्या कादंबरीसाठी खोटं का बोलतो?

घरी आले तर मतदानात 'हो'वर चौदा झाले होते.

६

माझ्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी तात्यासोंचं वाचनालय होतं. अख्ख्या कोल्हापुरात रहस्यकथांची एवढी चळत दुसरीकडं कुठं नव्हती. मी त्यांची सभासद होते, आणि शालूबाई तेव्हा तिथनं पाच मिनिटांवर, एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. वाचनालय बंद होऊन वीस वर्षं झाली. तात्यासो आता कोडोलीला लेकीकडं असतात. बुधवारी दुकानाला सुट्टी दिली आणि एसटी पकडली.

तात्यासो अंगणात बसून पेपर वाचत होते. वय शहाऐंशी, नजर माझ्यापेक्षा बरी.

"कोण पावणं?"

"मी वर्षाराणी. तुमच्या वाचनालयात यायची. पुस्तक उशिरा द्यायची."

"मग वळखलं! समदीच उशिरा द्यायची, पर तू कारणं चांगली सांगायचीस. ये. आगं, चहा टाक गं!"

चहा आला. मी विचारलं, "तात्यासो, 'पोफळीच्या बागेतला पाहुणा' आठवतंय?"

"व्हय की."

"त्याची शेवटची पानं फाटली होती का?"

तात्यासोंनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं तीस वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होते.

"सोळा पानं. येक अख्खी घडीच निखळून गेली, कुठं पडली देवाला म्हाईत. एकशेशहात्तर पानावर पुस्तक खलास. वाचणारी यायची आन् माझ्या नावानं बोंबलायची, शेवट कुठाय, शेवट कुठाय? दुसरी प्रत मिळंना. मग बघितलं, एकशेशहात्तर पानावर दिवाणजी गावलाय, छत्री दारात हाय, बरं दिसतंय. म्हटलं हितंच संपवू."

"संपवू म्हणजे?"

"पेन घेतलं आन् खाली लिवलं. 'समाप्त.' छापल्यागत अक्षर काढलं. त्यानंतर येकबी तक्रार न्हाय बघ!"

मला चहाचा ठसका लागला.

"तात्यासो, अशी किती पुस्तकं संपवलीत तुम्ही?"

"असतील पन्नास-साठ. शेवटची पानं लई फाटत्यात गं. लोकं शेवटच पुन्यांदा पुन्यांदा वाचत्यात."

माझ्या डोळ्यांसमोर माझं अख्खं शिक्षण उभं राहिलं. कुठल्या कुठल्या कादंबरीत नायिका तळ्याकाठी उभी राहिली आणि पुस्तक संपलं होतं, ते मी मनाशी किती वर्षं घोळवलं होतं. ती बाई पुढं कदाचित पोहूनही गेली असेल. पण ते नंतर.

"आणि ते पुस्तक आता कुठाय?"

तात्यासोंचा चेहरा उतरला. आत जाऊन त्यांनी एक जाड वही आणली. शेवटच्या पानावर मथळा होता, 'परत न आलेली पुस्तकं'. खाली एकच ओळ.

"उभ्या आयुष्यात येकच पुस्तक गेलं माझं. नावावर येक सैपाकवाली बाई होती. म्हणाली, पिंपावर ठेवलं हुतं, तिथनं गेलं. मी इस्वास न्हाय ठेवला. चार माणसांत चोर म्हणालो आन् तिचं कार्ड तिच्यासमोर फाडलं. रडली न्हाय. नुसती बघत ऱ्हायली. पुन्यांदा त्या रस्त्यानं आली न्हाय कधी."

मी ओळ वाचली. सभासद क्रमांक २१२. नाव, शालूबाई.

"पुस्तक आलं कुणाच्या हातात तर कसं वळखायचं?"

"शिक्का. पयल्या पानावरचा समद्यांनाच दिसतोय, चोर तेवढं पान फाडतोय. म्हणून मी आणीक येक मारायचो. एक्कावन्नाव्या पानावर, शिवणीला लागून, घडीच्या आत. ह्ये कुणालाच म्हाईत न्हाय. आता तुला सांगितलं."

७

गुरुवारी अकराला मी मुद्दाम शालूबाईंच्या हातातला डबा काढून घेतला आणि स्वतः सरांकडं गेले. डबा टेबलावर ठेवला, कपाटाकडं गेले, आणि कुलपातली किल्ली फिरवली.

"वर्षाराणी!"

"सर, एक्कावन्नावं पान बघते आणि जाते."

खाकी कव्हरचं पुस्तक त्यांनीच काढून माझ्या हातात दिलं. पहिलं पान नव्हतं. कडेला कापल्याची सरळ रेघ होती, पट्टी लावून कापल्यासारखी. एक्कावन्नावं पान उघडलं, घडीत बोट घालून दाबलं. जांभळा गोल शिक्का. तात्यासो.

सर खुर्चीत बसले.

मी शेवटाकडं गेले. एकशेशहात्तर. छत्री. खाली 'समाप्त', खरंच छापल्यासारखं. मी पुस्तक उलटं करून कण्याची शिवण बघितली. शेवटच्या पानानंतर दोऱ्याचं एक वेटोळं मोकळं होतं, त्याच्यात काहीच ओवलेलं नव्हतं. असा दोरा मला रोज दिसतो, उसवलेल्या बाहीला.

आणि पानापानाच्या वरच्या कोपऱ्यावर एक फिकट पिवळा डाग होता. अंगठ्याएवढा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पान उलटायला जिथं बोट लागतं तिथं.

"हे डाग कसले, सर?"

"मला मिळालं तेव्हापासूनच आहेत."

"कुठं मिळालं?"

सरांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी ते त्याच शाळेत नवे शिक्षक होते आणि वसतिगृहात जेवायचे. एका दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर ज्वारीच्या पिंपावर ही कादंबरी. कुणीतरी पोरानं अभ्यास चुकवून वाचायला लपवली असणार, म्हणून जप्त केली. पटांगणात सगळ्या पोरांना उभं केलं. कुणीच कबूल होईना.

"घरी नेली. सहज उघडली, आणि रात्रीत वाचून काढली. मग शिक्का दिसला. परत करायला हवी होती, पण मुलांकडून जप्त केलेलं पुस्तक मी स्वतःच वाचत बसलो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आज देऊ, उद्या देऊ, तोवर बदली झाली. मुलांना उशिरा पुस्तक आणलं म्हणून छड्या मारलेला माणूस आहे मी, वर्षाराणी. ते पान मी कापलं. परवा पारसनं फोटो टाकले तेव्हा कळलं की पुस्तक अर्धवट आहे. कुणाला दाखवलं असतं, तर पान कापल्याचंही निघालं असतं."

"पोरांना विचारलंत. स्वयंपाकाच्या बाईला विचारलंत?"

"तिला कशाला विचारायचं?" सर म्हणाले, आणि तिथंच थांबले.

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. पहिला डाग बघितला. मग दुसरा. मग नजर टेबलावरच्या डब्यावर गेली. डब्याच्या झाकणावर तसाच एक पिवळा अंगठा होता. रोजच असतो.

"बाईचं असेल हे डोक्यातच आलं नाही," सर म्हणाले. "तेव्हाही नाही. परवाही नाही."

मी कपाटाची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली.

"रविवारी तुम्ही सांगणार का मी?" त्यांनी विचारलं.

"सर, तुम्ही अध्यक्ष हाय की."

८

मेळावा माझ्या दुकानावरच्या गच्चीवर होता. तेवीसपैकी एकोणीस चौकोन हाडामांसाचे होऊन आले. रुचिता इतकी मोठ्यानं बोलत होती की सगळे दचकले; तिला सवयच तशी. शालूबाई यायला तयार नव्हत्या, त्यांना मोनानं धरून आणलं होतं. त्या जिन्याजवळच्या खुर्चीवर बसल्या, अर्ध्या, उठून जायच्या तयारीनं.

सर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिक्का, पिंप, पट्टी लावून कापलेलं पान. एकही वाक्य गाळलं नाही. मुख्याध्यापक असताना त्यांची भाषणं फार लांबायची म्हणे, हे मात्र पाच मिनिटांत संपलं. मग ते जिन्याजवळ गेले आणि पुस्तक शालूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"एकतीस वर्षं उशीर झाला."

शालूबाईंनी पुस्तक उघडलं नाही. नुसता वरून हात फिरवला.

"म्हंजे तुम्ही न्हेलतं?"

"हो."

"आन् मी रोज तुम्हाला गरम भाकरी घालतीय."

त्यांनी पदर खोचला.

"महिनाभर तुमच्या डब्यात शेवटची भाकरी येणार न्हाय," शालूबाई म्हणाल्या. "शेवट नसला म्हंजे कसं वाटतंय ते कळू दे."

आधी पारस हसला, मग सगळी गच्ची. सरही हसले, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

पारस पुढं आला. "मावशी, चुकलं माझं. हिशोब बरोबर मांडला, पण माणूस चुकलं. फेटा तुमचाच."

"गप रं. उत्तर काय हाय सतराव्याचं?"

"बहीण."

"मग माझं चुकलं की. एकोणीस मला, तुला वीस. डोकं पुढं कर." आणि त्यांनी स्वतः पारसच्या डोक्यावर फेटा बांधायला सुरुवात केली. पहिल्या वेढ्याला तो कानावर आला, दुसऱ्याला डोळ्यावर, पण पारस हूं की चूं न करता उभा राहिला. "मला फेटा नको. मला फकस्त..."

त्या बोलायच्या थांबल्या. जिन्यावरून काठीचा आवाज येत होता.

तात्यासो लेकीचा हात धरून वर आले. मी त्यांना गाडी पाठवली होती, हे कुणाला सांगितलं नव्हतं. ते थेट शालूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. खिशातून एक कोरं पिवळं कार्ड काढलं, कोपरे जुने झालेलं. रुचिताच्या पाठीवर ठेवून, थरथरत्या पण छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: सभासद क्रमांक २१२. दुसऱ्या खिशातून शिक्का निघाला. तोंडाची वाफ देऊन त्यांनी तो कार्डावर दाबला.

"म्या फाडलं हुतं," ते म्हणाले. "चार माणसांत. म्हणून चार माणसांत देतोय."

शालूबाईंनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. तेव्हा रडली न्हाय असं तात्यासो म्हणाले होते. आता मात्र राहिलेलं सगळं एकदम आलं. मोनानं पदर पुढं केला.

जेवणं सुरू झाली. झुणका-भाकरी, खर्डा, आणि शालूबाईंच्या हातचा रस्सा, ज्याचं प्रमाण अजून कुणाला मिळालेलं नाही. पारसनं त्याची नवी कोरी प्रत आणून शालूबाईंना दिली. "शेवटचं प्रकरण वाचा, मावशी. एकतीस वर्षं राहिलंय."

त्या ताट बाजूला सारून कोपऱ्यात बसल्या. हात पुसले, पण नीट नाही, त्यामुळं पारस पहिल्या पानाला डोळे मिटून उभा होता. आम्ही जेवत होतो, पण सगळ्यांचं लक्ष तिकडंच. एक पान. दुसरं. दिवाणजी सुटला असणार. बहीण कबूल झाली असणार. शेवटचं पान उलटलं, पुस्तक मिटलं, आणि शालूबाईंनी थोडा वेळ रंकाळ्याच्या दिशेला बघितलं.

"कसं वाटलं?" सरांनी विचारलं.

"बरं हाय. पर लई समजावून सांगतोय त्यो."

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, छत्रीचं वाक्य शोधलं, तिथं पिवळा अंगठा ठेवला आणि पुस्तक तात्यासोंपुढं धरलं.

"तात्यासो, पेन हाय न्हवं? हितं लिवा."

तात्यासोंनी पारसकडं बघितलं. ज्यानं आजवर पुस्तकाला पेन्सिल लावली नाही, त्या पारसनं फेटा डोळ्यांवरून वर सारला आणि म्हणाला, "लिवा की. फक्त अक्षर छापल्यागत येऊ द्या."